तोच हार्ट अटॅक, एकोणीस मिनिटं उशिरा

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणारी एखादी नळी अचानक बंद पडणं. नळीच्या आत साठलेल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि त्या नळीच्या भरवशावर जगणारा स्नायूचा भाग उपाशी पडतो. तो एका क्षणात मरत नाही. अर्धा तास, एक तास, चार तास असा हळूहळू मरत जातो आणि एकदा मेला की तिथे फक्त व्रण उरतो. म्हणून हृदयविकाराचे डॉक्टर सारखे घड्याळाकडे बघत असतात. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत सरकवायची, जिथे वाट बंद आहे तिथे इवलासा फुगा फुगवायचा आणि स्टेंट बसवायचा, याला आपण अँजिओप्लास्टी म्हणतो. पेशंट हॉस्पिटलच्या दारातून आत आल्यापासून तो फुगा फुगेपर्यंत जो वेळ जातो, त्याला डॉक्टरांच्या भाषेत ‘डोअर टू बलून’ म्हणतात, म्हणजे दारापासून फुग्यापर्यंत. हा वेळ ९० मिनिटांच्या आत असावा, असा दंडक आहे.

१९९९ ते २००२ या काळातल्या अमेरिकेतल्या शेकडो हॉस्पिटलांच्या नोंदी येल विद्यापीठातल्या एलिझाबेथ ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. गोऱ्या पेशंटसाठी हा वेळ सरासरी १०३ मिनिटं निघाला आणि कृष्णवर्णीय पेशंटसाठी १२२ मिनिटं. लॅटिन अमेरिकी वंशाचे पेशंट मधे होते, ११५ मिनिटांवर. काही हॉस्पिटलांत फुग्याऐवजी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देत होते. तिथेही गोऱ्यांना ते ३४ मिनिटांत मिळत होतं आणि कृष्णवर्णीयांना ४१ मिनिटांत.

हे सगळे पेशंट असे होते की ज्यांच्या ईसीजीवर अटॅक दिसत होता. रोगाबद्दल शंका नव्हती आणि उपचार काय करायचा याबद्दलही नव्हती. तरीही १९ मिनिटं जास्त गेली. ती कुठे गेली, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

हा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं उत्तर येतं ते पैशाचं. ‘गरीब असतील, इन्शुरन्स नसेल, त्याला वंशाचं नाव कशाला द्यायचं?’ प्रश्न रास्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. अमेरिकेत निम्म्याहून अधिक लोकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमाही जातो. कृष्णवर्णीयांमध्ये विमा नसलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. पण ही शंका तपासून बघायला तिथेच एक सोय होती. निवृत्त सैनिकांसाठी सरकारने चालवलेली वेगळी हॉस्पिटलं आहेत. तिथे डॉक्टर पगारी असतात, कुणाला किती प्रोसिजर केल्या यावर त्यांची कमाई ठरत नाही आणि पेशंटला खर्चाची आडकाठी फारशी नसते. १९९३ साली तिथल्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथेही अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी आणि बायपास या तिन्ही गोष्टी गोऱ्या सैनिकांच्या वाट्याला जास्त आल्याचं दिसलं. ६५ वर्षांवरच्या जवळजवळ सर्वांना लागू असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नोंदींतही दरी होतीच, आणि १९९२ ते २००१ या दहा वर्षांत ती भरून आली नाही. म्हणजे पैशाने बराच फरक पडतो, पण सगळा फरक पैशाचा नाही.

दुसरं उत्तर असं की पेशंटच नको म्हणत असेल. हेही काही प्रमाणात खरं आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं ‘पाहत’ ठेवलं. मधल्या काळात पेनिसिलिन आलं, सगळीकडे मिळू लागलं, तरी या माणसांना दिलं नाही. ज्या समाजाने हे सोसलं, त्यातला एखादा आजोबा ऑपरेशनच्या कागदावर सही करताना कचरला तर त्याला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पेशंटचा नकार जमेला धरूनही दरीचा हिशेब पूर्ण होत नाही, असं अमेरिकी संसदेने नेमायला सांगितलेल्या तज्ज्ञ समितीने २००२ साली शेकडो अभ्यास चाळून स्पष्ट लिहिलं.

तिसरं उत्तर म्हणजे ‘त्यांचं शरीरच वेगळं असेल’. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये बीपीचा त्रास जास्त आढळतो, हे खरं आहे. त्याची कारणं आहार, ताण, वस्ती, हवा, पिढ्यान्पिढ्यांचे हाल अशी अनेक आहेत. पण बीपी कुणाला जास्त असतं हा एक प्रश्न झाला आणि अँजिओप्लास्टी करणाऱ्या टीमला किती वाजता फोन गेला हा दुसरा. ड्यूक विद्यापीठाच्या हॉस्पिटलने आपल्याच बारा हजारांवर हृदयरुग्णांचा हिशेब १९९७ साली मांडला. आजाराची तीव्रता, वय, इतर व्याधी हे सगळं सारखं धरल्यावरही कृष्णवर्णीयांची अँजिओप्लास्टी होण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी आणि बायपास होण्याचं ३२ टक्क्यांनी कमी होतं. मला त्यातली खरी चटका लावणारी गोष्ट पुढची वाटते. ही दरी सगळ्यात रुंद होती ती ज्यांचा आजार गंभीर होता, ज्यांना बायपासचा सर्वाधिक फायदा झाला असता, त्यांच्यातच. आणि पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय कमी होते.

मग डॉक्टरांच्या मनात काय चालतं? ते तपासायला जॉर्जटाउन विद्यापीठातल्या केविन शुलमन यांनी एक प्रयोग केला. तो १९९९ च्या फेब्रुवारीत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी आठ नट-नट्या घेतल्या. दोन गोरे पुरुष, दोन गोऱ्या बायका, दोन कृष्णवर्णीय पुरुष, दोन कृष्णवर्णीय बायका. प्रत्येक जोडीत एक ५५ वर्षांची व्यक्ती आणि एक ७० वर्षांची. सगळ्यांना हॉस्पिटलचा एकसारखा झगा दिला. संवाद शब्दाला शब्द तोच, हातवारेही ठरलेले, कॅमेरा त्याच अंतरावर. छातीत कसं दुखतं, कधी दुखतं, जिना चढताना काय होतं हे सगळे एकाच पद्धतीने सांगत होते. कागदावर नोकरी तीच, विमा तोच. डॉक्टरांच्या मोठ्या परिषदांमध्ये कॉम्प्युटर मांडून ७२० डॉक्टरांना यातली एकेक चित्रफीत दाखवली आणि विचारलं, या पेशंटला पुढच्या तपासणीला पाठवाल का? वंशाबद्दलचा हेतू त्यांना सांगितलेला नव्हता.

गोऱ्या ‘पेशंट’ना ९०.६ टक्के वेळा पाठवायचं ठरलं, कृष्णवर्णीयांना ८४.७ टक्के वेळा.

इथे जरा थांबायला हवं, कारण याच आकड्यांचं पुढे भलतंच झालं आणि असे आकडे वाचताना आपणही हमखास फसतो. वर्तमानपत्रं आणि टीव्ही यांनी बातमी दिली की कृष्णवर्णीयांना पाठवण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी! ९०.६ आणि ८४.७ यांत ४० टक्के आले कुठून? मूळ निबंधात ०.६ हा आकडा होता, पण तो शक्यतेचा नव्हता, पैजेच्या भावाचा होता. पैजेत आपण ‘जिंकणारे किती आणि हरणारे किती’ असं बोलतो. शंभर गोऱ्यांत साधारण ९१ पाठवले आणि ९ राहिले, म्हणजे एका राहिलेल्यामागे साडेनऊ-पावणेदहा गेलेले. शंभर कृष्णवर्णीयांत ८५ पाठवले आणि १५ राहिले, म्हणजे एका राहिलेल्यामागे साडेपाच. साडेपाचला साडेनऊने भागलं की ०.६ च्या आसपास येतं. गणित बरोबर आहे, पण त्याचा अर्थ ‘४० टक्के कमी लोकांना पाठवलं’ असा होत नाही. साध्या हिशेबाने फरक सुमारे ७ टक्के होता. त्याच नियतकालिकाने काही महिन्यांनी तिघा डॉक्टरांचा लेख छापून ही चूक उघड केली.

त्याच लेखात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते ती मूळ बातमीपेक्षा महत्त्वाची आहे. चार गट सुटे करून पाहिले तर गोरे पुरुष, गोऱ्या बायका आणि कृष्णवर्णीय पुरुष हे तिन्ही ९०.६ टक्क्यांवरच होते. मागे पडल्या होत्या त्या फक्त कृष्णवर्णीय बायका, ७८.८ टक्क्यांवर. वंश आणि बाईपण हे दोन्ही एकत्र आले की डॉक्टरांचा हात आखडत होता. अतिशयोक्ती झाली म्हणून काही जणांनी ‘बघा, काहीच फरक नव्हता’ असं म्हणायला सुरुवात केली. तेही चूकच. तोच झगा घालून तेच शब्द बोलणाऱ्या शंभर बायकांमागे बारा जणींची तपासणी केवळ त्या कोण आहेत यावरून राहून जाणार असेल, तर त्याला ‘काहीच नाही’ कसं म्हणायचं?

हे डॉक्टर दुष्ट होते का? नसावेत. २००७ साली बॉस्टन आणि अटलांटामधल्या निवासी डॉक्टरांवर एक अभ्यास झाला. ‘तुम्ही वंशभेद मानता का’ असं सरळ विचारल्यावर ते नाही म्हणाले. पण शब्द आणि चेहरे झटपट जुळवायची एक चाचणी असते, तिच्यात अनेकांचा कल नकळत गोऱ्यांकडे दिसला. आणि हा कल जितका जास्त, तितकी कृष्णवर्णीय पेशंटला गुठळी विरघळवणारं औषध देण्याची तयारी कमी. पुढे अशाच धर्तीच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला नाही, त्यामुळे एवढ्यावर सगळी इमारत उभी करू नये. शिवाय नुसतं ‘डॉक्टरांची मनं सुधारा’ म्हणून भागतही नाही, कारण १९ मिनिटांचा मोठा भाग मनात नव्हताच. तो पत्त्यात होता.

ब्रॅडली यांच्या अभ्यासात हॉस्पिटल कोणतं हे जमेला धरल्यावर दरीचा बराचसा भाग आटला. म्हणजे एकाच हॉस्पिटलमध्ये शेजारी झोपलेल्या दोघांत फरक होताच, पण त्याहून मोठा फरक हा होता की दोघं मुळात एका हॉस्पिटलमध्ये पोचतच नव्हते. कृष्णवर्णीय पेशंट अशा हॉस्पिटलांत जास्त जात होते जिथे सगळ्यांनाच उशीर होत होता. २००५ साली मेडिकेअरच्या अकरा लाखांहून अधिक हार्ट अटॅक पेशंटचा हिशेब झाला. ज्या हॉस्पिटलांत कृष्णवर्णीय पेशंट अजिबात नव्हते, तिथे ९० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण २०.१ टक्के होतं. जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक, तिथे २३.७ टक्के. पेशंटच्या आजाराचा फरक वजा करूनचे हे आकडे आहेत.

हे पत्ते असे कसे वेगळे झाले, याला जुना इतिहास आहे. १९४६ साली अमेरिकेने गावोगावी हॉस्पिटलं बांधायला सरकारी पैसा देणारा कायदा केला. त्यात एक कलम घातलं होतं: वंशानुसार वेगळी सोय ठेवायला हरकत नाही, फक्त ती ‘समान’ हवी. प्रत्यक्षात गोऱ्यांच्या हॉस्पिटलात कृष्णवर्णीयांना खाट नाही आणि कृष्णवर्णीय डॉक्टरला प्रॅक्टिसची परवानगी नाही. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी जॉर्ज सिमकिन्स नावाचे एक कृष्णवर्णीय डेंटिस्ट होते. त्यांच्याकडे दाढ सडून तापाने फणफणलेला एक विद्यार्थी आला. कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलात खाट रिकामी नव्हती, लांबलचक यादी होती. गावातली दोन मोठी हॉस्पिटलं सरकारी पैसा घेऊनही त्या मुलाला आत घ्यायला तयार नव्हती. सिमकिन्स आणखी काही डॉक्टर, डेंटिस्ट आणि पेशंट यांना घेऊन कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. पुढच्याच वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्याला वंशावरून भेद करता येणार नाही.

कायदा कागदावर राहिला असता. पण १ जुलै १९६६ ला मेडिकेअर सुरू व्हायचं होतं आणि सरकारने सांगून टाकलं की ज्या हॉस्पिटलात वेगळे वॉर्ड, वेगळ्या खाटा दिसतील त्यांना मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही. तपासनीस गावोगाव फिरले. काही महिन्यांत हजाराहून अधिक हॉस्पिटलांनी वॉर्ड एकत्र केले. जे वर्षानुवर्षं ‘समाजाची मानसिकता तयार नाही’ असं सांगत होते, त्यांच्या खाटा पैसा बुडण्याच्या भीतीने एका उन्हाळ्यात शेजारी-शेजारी आल्या. मात्र वॉर्डांमधली भिंत पडली तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या, आणि हार्ट अटॅकच्या वेळी माणूस जवळच्याच हॉस्पिटलात जातो.

आता हॉस्पिटलच्या आत परत जाऊ, कारण पत्ता एकच असला तरी काय होतं हे बॉस्टनमध्ये दिसलं. ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटल हे जगातल्या नामांकित हॉस्पिटलांपैकी एक. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडल्याचा पेशंट धाप लागून इमर्जन्सीत येतो, तेव्हा त्याला हृदयविकाराच्या खास वॉर्डात ठेवायचं की जनरल मेडिसिनच्या, हे तिथले डॉक्टर ठरवतात. २००८ ते २०१७ या दहा वर्षांतले जवळजवळ दोन हजार पेशंट तिथल्याच डॉक्टरांनी तपासले. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पेशंट खास वॉर्डात जाण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी निघालं. खास वॉर्डात राहिलेले पेशंट महिनाभरात पुन्हा भरती होण्याचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे कुठल्या वॉर्डात खाट मिळाली याला किंमत होती. ज्याचा आधीपासून तिथल्या कार्डिऑलॉजिस्टकडे फॉलोअप चालू आहे, त्याला खास वॉर्ड मिळणं सोपं जात होतं. असा फॉलोअप कुणाचा चालू असतो, हे वेगळं सांगायला नको.

या हॉस्पिटलने हा निष्कर्ष दडवला नाही, स्वतःच छापला. पुढे कॉम्प्युटरवरच सूचना यावी अशी योजनाही आखली: असा पेशंट जनरल वॉर्डात चालला असेल तर डॉक्टरच्या स्क्रीनवर ‘कार्डिऑलॉजीचा विचार करा’ असं झळकावं. त्यावर २०२२ च्या जानेवारीत हॉस्पिटलबाहेर वर्णद्वेष्ट्या गटाने निदर्शनं केली आणि योजना मांडणाऱ्या डॉक्टरांना लक्ष्य केलं. खाट कुठे मिळावी एवढ्या साध्या गोष्टीसाठी.

कधी कधी भेद कुणाच्या मनात नसून चक्क सूत्रात लिहिलेला असतो. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला किती धोका आहे हे मोजायचं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं एक गुणपत्रक होतं. वय, बीपी, नाडी, रक्तातला युरिया यांना गुण. आणि पेशंट कृष्णवर्णीय नसेल तर आणखी तीन गुण. गुण जास्त म्हणजे धोका जास्त, म्हणजे लक्ष जास्त. बाकी सगळं सारखं असलेला कृष्णवर्णीय पेशंट तीन गुणांनी आपोआप ‘बरा’ ठरायचा. २०२० साली अशा सूत्रांची यादी करून डॉक्टरांनी आवाज उठवला. त्याच असोसिएशनने २०२३ मध्ये हृदयविकाराचा पुढचा धोका मोजण्याचं ‘प्रिव्हेंट’ हे नवं सूत्र आणलं, त्यात वंश हा रकानाच ठेवला नाही.

आणि कधी भेद यंत्रात असतो. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा, ऑक्सिमीटर, कोविडच्या काळात आपल्या घराघरांत पोचला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार फिरल्या. हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडतं आणि किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखतं. पण त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी यंत्राचे आकडे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ असं समाधानकारक दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं. तिपटीहून जास्त. ऑक्सिजन लावायचा की नाही, आयसीयूत हलवायचं की नाही, हे निर्णय हृदयाच्या पेशंटबाबतही याच आकड्यावर होतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असं यंत्र वेगवेगळ्या वर्णांच्या पुरेशा लोकांवर तपासूनच बाजारात आणावं, अशा मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. सावळ्या आणि काळ्या रंगाच्या आपल्या देशाला या बातमीत रस असायला हवा. आकडा चांगला दिसत असूनही माणूस धापा टाकत असेल, तर धाप खरी मानून दवाखान्यात न्यावं.

आता त्या १९ मिनिटांचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ती गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या हृदयविकारतज्ज्ञांच्या संघटनेने दारापासून फुग्यापर्यंतचा वेळ कमी करायची मोहीम काढली. तिचा रोख वंशावर नव्हता. कामाची पद्धत बदलली, बस. आधी काय व्हायचं? इमर्जन्सीतला डॉक्टर ईसीजी बघायचा, मग कार्डिऑलॉजिस्टला फोन, तो येऊन बघणार, मग तो टीमला बोलावणार, मग टेक्निशियन घरून निघणार. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ‘जरा बघू’ म्हणायला मोकळं. नव्या पद्धतीत इमर्जन्सीतल्या डॉक्टरने ईसीजी पाहिला की कुणाला न विचारता एकच फोन करायचा आणि त्या एका फोनवर सगळी टीम हलायची. टीमने वीस ते तीस मिनिटांत हजर व्हायचं. शक्य तिथे अँब्युलन्समध्येच ईसीजी काढायचा. प्रत्येक पेशंटमागे किती मिनिटं लागली हे सगळ्यांना लगेच कळवायचं.

देशभरातला मध्यक वेळ, म्हणजे निम्म्या पेशंटना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त लागतो तो, २००५ मध्ये ९६ मिनिटं होता, २०१० मध्ये ६४ मिनिटं झाला. ज्यांना आधी सर्वाधिक उशीर होत होता त्यांचाच वेळ सर्वाधिक घटला: पंचाहत्तरीपुढचे पेशंट, बायका आणि कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीयांचा ४२ मिनिटांनी. कुणाच्या मनातला कल बदलला का, हे कुणी तपासलं नाही. फक्त तो कल जिथे डोकं वर काढायचा, त्या ‘जरा बघू’च्या जागा बुजवल्या. दरी उरली आहे ती अशाच ठिकाणी, जिथे नियम नाही, अंदाज आहे: कोणाला खास वॉर्ड, कोणाला कृत्रिम पंप, कोणाचं नाव हृदयरोपणाच्या यादीत.

हॉस्पिटलच्या बाहेरचाही एक प्रयोग सांगायलाच हवा. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी कृष्णवर्णीयांची ५२ केशकर्तनालयं निवडली. बीपी जास्त असलेली ३१९ गिऱ्हाइकं. दुकानांचे दोन गट केले. एकात न्हावी ‘डॉक्टरला दाखव’ म्हणायचा. दुसऱ्यात फार्मासिस्ट स्वतः दुकानात यायचा, खुर्चीवरच बीपी घ्यायचा आणि डॉक्टरांशी ठरवलेल्या पद्धतीने तिथल्या तिथे औषध सुरू करायचा, डोस वाढवायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी उतरलं, दुसऱ्याचं २७ अंकांनी. जिथे माणूस दर पंधरा दिवसांनी निर्धास्तपणे मान मागे टाकून बसतो, त्या खुर्चीपर्यंत औषध गेलं. हे निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि त्याच वर्षी व्हिक्टर वारले.

या सगळ्यात आपली माणसं कुठे आहेत? अमेरिकेतल्या या आकडेवारीत भारतीय फार काळ दिसतच नव्हते. ‘आशियाई’ या एका रकान्यात चिनी, जपानी, फिलिपिनो यांच्याबरोबर मिसळून जायचे. २०१० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा ‘मसाला’ नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यानंतर चित्र स्पष्ट व्हायला लागलं. २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत तर दक्षिण आशियाई मूळ हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला गेला. त्यामुळे न्यू जर्सीतल्या किंवा डॅलसमधल्या चाळिशीच्या मराठी माणसाने तपासणीच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरला आवर्जून सांगावी. इंग्लंडमध्येही पूर्व लंडनच्या हॉस्पिटलांत असं दिसलं होतं की डॉक्टरांनी दक्षिण आशियाई पेशंटला अँजिओप्लास्टी किंवा बायपास योग्य ठरवूनसुद्धा ती प्रत्यक्षात होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी होतं. सल्ला आणि ऑपरेशन टेबल यांच्या मधल्या वाटेत ही माणसं कुठेतरी गळत होती.

त्या वाटेवरची एक अडचण भाषेची आहे. समजा, नातवंडांना भेटायला सहा महिन्यांसाठी गेलेली साताऱ्याची आजी. रात्री तिला कससंच होतं, दरदरून घाम फुटतो. ती म्हणते, ‘छातीत भरून आलंय, जीव घाबरा होतोय.’ इमर्जन्सीत बारा वर्षांचा नातू भाषांतर करतो आणि तिकडे अर्थ पोचतो की आजी घाबरली आहे. भीती वाटणारी म्हातारी बाई म्हणून तिला बाजूला बसवलं जातं. आजीने तक्रार बरोबर सांगितली होती.

अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला, म्हणजे जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलला, दुभाषा फुकट द्यावा लागतो. हे बंधन त्याच १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेलं आहे, सिमकिन्स यांच्या लढ्याच्या पुढच्या वर्षीच्या. लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरू नये असाही नियम आहे. मराठी दुभाषा बहुधा फोनवर किंवा स्क्रीनवर मिळतो. मागावा लागतो, आणि काउंटरवर पहिल्याच वाक्यात मागावा. १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सीत आलेल्या कोणाचीही, विमा असो वा नसो, तपासणी करून प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलला भाग आहे. बिल नंतर येतं आणि ते मोठं असतं, पण दारात कुणी परत पाठवू शकत नाही. मुलाने किंवा सुनेने बरोबर असताना वयाचा, डायबेटिसचा, बीपीचा उल्लेख आधी करावा, दुखणं किती वाजता सुरू झालं ते सांगावं आणि सरळ विचारावं, ‘ईसीजी काढला का? किती वाजता काढला?’ छातीत दुखणाऱ्या पेशंटचा ईसीजी दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत व्हायला हवा, हा तिथल्याच डॉक्टरांचा नियम आहे, आणि तो आजीलाही लागू आहे.